घरात जेवण मराठीत मिळेल

"ऐका हो ऐका! या घरातील तमाम रहिवाशांस, थोरांस व लहानांस, तसेच काही कामानिमित्त दारात उभे असलेल्यांस कळविण्यात येते की, आज सकाळपासून या उंबरठ्याच्या आत मराठीखेरीज अन्य कोणतीही भाषा बोलण्यास सक्त मनाई करण्यात आली आहे. हुकूम मोडणारास शासन होईल. वय, नाते अथवा अश्रू यांचा विचार केला जाणार नाही. हुकमावरून, गृहप्रमुख."

हा हुकूम मी स्वयंपाकघराच्या दारात, पाटावर उभं राहून, छाती पुढे काढून वाचला. वाचण्याआधी स्टीलच्या ताटावर पळीने तीनदा ठोकलं, कारण दवंडी पिटल्याशिवाय हुकमाला वजन येत नाही. श्रोते तिघे होते. कणकेने भरलेले हात वर धरून उभी असलेली माझी बायको, एक वेणी घातलेली आणि दुसरी सुटी असलेली आमची आठ वर्षांची मुलगी, आणि उघड्या दारात दुधाचं माप हातात घेऊन थबकलेला दूधवाला. दूधवाल्याने आत डोकावून विचारलं, "का भैया जी, कौनऊ चुनाव हो रओ का?"

मुलगी खळखळून हसली. "पापा, फिर से! फिर से करो!"

"गुन्हा नोंदला गेला आहे!" मी गरजलो. "आरोपीने दोन उठाबशा काढाव्यात!"

तिने आनंदाने चार काढल्या. पाचव्या वेळी ती मुद्दाम तोल घालवून पडली आणि पडल्या पडल्या हसत राहिली.

इथपर्यंतची गोष्ट मी आजवर लग्नांत, बारशांत, गाडीच्या प्रवासात, कचेरीतल्या निरोपसमारंभांत कितीतरी वेळा सांगितली आहे, ताट-पळीसकट. दूधवाल्याच्या वाक्याला हमखास हशा येतो. मग मी पाणी पितो आणि दुसरी गोष्ट सुरू करतो. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही झाशीचे मराठी. आमचे पूर्वज दोन-अडीचशे वर्षांपूर्वी इकडे कारकुनी करायला आले आणि मीही जिल्ह्याच्या एका सरकारी कचेरीत कारकुनीच करत होतो, म्हणजे घराण्याने प्रगती म्हणावी अशी केलेली नाही. बाहेर सगळा कारभार हिंदीत, भांडण बुंदेलीत, आणि मराठी फक्त उंबरठ्याच्या आत. आमच्या मुलीला मराठी सगळं समजायचं. कुजबुजलेलं तर जास्तच समजायचं. पण तोंड उघडलं की हिंदी. "पाणी आण गं" म्हटलं की पाणी यायचं आणि बरोबर वाक्य यायचं, "लो पापा, ठंडा वाला है." मला त्याचं फार काही वाटत नव्हतं. गुरसरायला जाऊन येईपर्यंत.

गुरसरायला मी दूरच्या एका काकांकडे लग्नाची पत्रिका द्यायला गेलो होतो. एकेकाळी ते गावच मराठी जहागिरीचं. काका ऐंशीच्या घरातले, खाटेवर बसलेले. संध्याकाळी त्या घरात आरती झाली. सगळे तालात म्हणत होते, पण भलत्याच ठिकाणी श्वास घेत होते, एक शब्द अर्धा तोडून पुढच्याला चिकटवत होते. मी नातवाला सहज विचारलं, याचा अर्थ माहीत आहे का? तो म्हणाला, "अर्थ दादाजी को मालूम था. अब वो भी भूल गए."

निघताना काकांनी माझा हात धरला. "कुछ बोलो ना," ते म्हणाले. "अम्मा जैसा बोलती थीं, वैसा."

मी म्हटलं, "काका, प्रकृतीला जपा. पुन्हा येईन मी."

त्यांनी डोळे मिटले. त्यांना त्यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही. पण हात त्यांनी सोडला नाही. परतीच्या बसमध्ये माझ्या डोळ्यांपुढे सारखं एकच चित्र येत होतं. खाटेवर मी बसलेला नाही, आमची मुलगी बसलेली आहे, म्हातारी झालेली, आणि कुणा परक्या पाहुण्याचा हात धरून म्हणते आहे, कुछ बोलो ना. झाशी येईपर्यंत हुकमाचा मसुदा डोक्यात तयार होता.

आता मला सांगायला हवं की पहिले पंधरा दिवस तो खेळच होता, आणि छान खेळ होता. एका हिंदी शब्दाला दोन उठाबशा. मुलगी माझ्यावर पाळत ठेवायची. मी "टाइम काय झाला?" म्हटलं की टाळ्या पिटायची आणि मला उठाबशा काढायला लावायची. मग मी इंग्रजी शब्दांना माफी जाहीर केली. सरकारला स्वतःपुरत्या सवलती ठेवाव्याच लागतात.

मग तिला एक पळवाट सापडली. गप्प बसलं की उठाबशा नाहीत. हवं ते बोटाने दाखवायचं. पाण्याच्या तांब्याकडे बोट, दप्तराकडे बोट, पोळीच्या डब्याकडे बोट. ही हुशारी पाहून खरं तर मी हरलो असं म्हणून हसायला हवं होतं. पण माझ्यातला बाबू जागा झाला. नियमाला पळवाट सापडली की बाबू दुरुस्ती काढतो. मी पुन्हा पाटावर चढलो.

"दुरुस्ती क्रमांक एक! ताटातलं पहिलं वाढप विनाअट मिळेल. दुसरं वाढप हवं असल्यास ते तोंडाने, मराठीत, पूर्ण वाक्यात मागावे लागेल. खाणाखुणा ग्राह्य धरल्या जाणार नाहीत."

बायकोने तवा खाली उतरवला. "अहो, जेवणावरून नको. बाकी काय हवं ते करा."

"अगं, भूक लागली की आपोआप बोलेल."

"आणि नाही बोलली तर?"

"माझी मुलगी आहे ती. गप्प बसणं तिच्या रक्तात नाही."

पहिल्या दिवशी ती बोललीही. दोन पोळ्या संपल्या, तिने बराच वेळ विचार केला, ओठ आतल्या आत हलवून पाहिले आणि हात पुढे करून म्हणाली, "मला पोळी दे दो ना."

मला इतकं हसू आलं की घास घशात अडकला. तिलाही हसू आलं. पोळी मिळाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य, पुन्हा माझं हसणं. तिसऱ्या दिवशी शेजारचे आले होते, त्यांच्यासमोर मी तिला ते वाक्य मुद्दाम म्हणायला लावलं.

आणि मग आला आमच्या मंडळाचा गणपती. झाशीत आमच्या लोकांचा वर्षातला तो एकच असा आठवडा, जेव्हा मराठी उंबरठ्याच्या बाहेर पडते. रंगमंच, माइक, लाकडी खुर्च्या, पुढे सतरंजीवर मुलं. दोन कार्यक्रमांच्या मध्ये पडद्याची दोरी अडकली. कुणीतरी मला ढकललं, "जा, पाच मिनिटं खिंड लढवा." असं कुणी ढकललं की मला फार आनंद होतो. मी माइकसमोर गेलो, आणि डोक्यात पहिलं जे आलं ते केलं. मी माझी मुलगी झालो. मान वाकडी, ओठ हलताहेत, डोळे छताकडे, मोठा दम घेतला, हात पुढे केला. "मला... पोळी... दे दो ना!"

सभागृह कोसळलं. मी पुन्हा केलं. एकदा पोळीऐवजी वरण घातलं, एकदा मोदक. पडद्याची दोरी सुटली होती, पण मला आत कुणी बोलावेना.

मुलगी विंगेत उभी होती. परकर-पोलकं, हातात खिरापतीचं ताट. तीही हसत होती. पण माझ्याकडे बघत नव्हती. बाकीचे किती हसतात हे एकेका चेहऱ्यावर बघत होती आणि तेवढंच हसत होती. मला ते दिसलं. अगदी स्पष्ट दिसलं. आणि मी चौथ्यांदा हात पुढे केला, कारण मागच्या रांगेतून "वन्स मोअर" आला होता.

त्या दिवसापासून मंडळातली मुलं तिला "पोळी-दे-दो" म्हणायला लागली. आणि त्या दिवसापासून तिने दुसरं वाढप मागितलं नाही.

पहिलं वाढप संपवायची, ताट घेऊन उठायची. "झालं?" विचारलं तर मान हलवायची. बायको हळूच तिच्या ताटाच्या कडेला बेसनाचा लाडू ठेवायची. एकदा मी ते पकडलं आणि तिथल्या तिथे खटला भरवला. बायको आरोपी, लाडू पुरावा, मीच सरकारी वकील आणि मीच न्यायाधीश. माझा युक्तिवाद रंगात आला होता. तेवढ्यात मुलीने तो लाडू उचलला, डब्याचं झाकण उघडलं, आत ठेवला, झाकण लावलं आणि हात धुवायला गेली.

"बघितलंस?" मी बायकोला म्हटलं. "किती बाणेदार!"

बायकोने डबा उचलून फळीवर ठेवला. त्या महिन्यात तिने मुलीच्या शाळेच्या स्कर्टची कंबर दोनदा आत घेतली. शिवणयंत्राचा आवाज मला दोन्ही वेळा ऐकू आला. मी विचारलं नाही काय शिवतेस म्हणून. पेपर वाचत होतो, असं मला आठवतं. पेपरात काय होतं ते आठवत नाही.

त्याच सुमारास आमच्या कचेरीत वरून एक पत्रक आलं. मुलांना मारणं, उपाशी ठेवणं, त्यांचा मानसिक छळ करणं हा गुन्हा आहे, आणि तो आई-बापांनी केला तरी गुन्हाच आहे, हे गावोगाव लोकांना समजावून सांगावं. पत्रक कोण समजावणार? साहेबांनी फायलीवरून मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. "आप तो नाटक करते हैं ना?"

मी एका जेवणाच्या सुट्टीत नाटक लिहून काढलं. चौकात करायचं, पंधरा मिनिटांचं, हिंदीत. त्यातला बाप दारू पिऊन येतो, मुलाला मारतो, त्याची भाकरी लाथाडतो. मग सरकारी बाई येते, मुलाला एकट्याला बाजूला घेऊन विचारपूस करते, बापाला कायदा सांगते, बाप पस्तावतो. बापाचं काम अर्थातच माझं. मी दारूचा थेंब घेत नाही, त्यामुळे दारुड्या मी फार मन लावून करतो.

पहिला प्रयोग बिजौलीला, कारखान्याच्या फाटकासमोर पाळी सुटताना. दुसरा समथरच्या बाजारात. समथरला तर मी कमालच केली. भाकरी लाथाडल्यावर गर्दीतून एक म्हातारी पुढे आली आणि "नासपीटे!" अशी शिवी हासडत हातातल्या मेथीच्या जुडीने तिने मला पाठीत दोन खणखणीत दणके दिले. लोकांनी तिला आवरलं. मी आयुष्यात अनेक प्रमाणपत्रं घेतली, पण मेथीच्या जुडीइतकं खरं एकही नव्हतं. शेवटी मी गुडघ्यांवर कोसळून ओरडलो, "बच्चा हमारा है, पर उस पर जुल्म हमारा हक नहीं!" टाळ्या थांबेनात.

प्रयोग पाहायला जिल्ह्याच्या बालसंरक्षणाचं काम करणाऱ्या एक मॅडम आल्या होत्या. चाळिशीच्या, साधी सुती साडी, डोळ्यांवर चष्मा. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसायच्या. चहा पिताना म्हणाल्या, "भैया जी, बढ़िया किया आपने. पर शराबी बाप तो हमें मिल ही जाते हैं. मोहल्ला खुद बता देता है."

"मग कोण मिळत... मतलब, कौन नहीं मिलता?"

"जो पढ़े-लिखे हैं. हँसते-बोलते हैं. उनके यहाँ तो हम चाय पीकर लौट आते हैं."

वाक्य मला इतकं आवडलं की मी ते लगेच टिपून घेतलं. पुढच्या नाटकात घालायला.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, एका रविवारी, जेवणाच्या जरा आधी आमच्या दारात स्कूटी थांबली. त्याच मॅडम. हातात फाइल. मी धावतच गेलो. माझी खात्री होती, दुसऱ्या नाटकाची मागणी आली.

"आइए आइए! मुझे पता था आप आएँगी. मेरे दिमाग में पूरा दूसरा भाग तैयार है. इस बार बाप मास्टर है, बहुत पढ़ा-लिखा..."

"भैया जी, आज बिटिया से मिलना है."

"हाँ हाँ! बेटा, इकडे ये, बघ कोण आलंय..."

"अकेले में," त्या म्हणाल्या.

माझ्या नाटकात तिसऱ्या प्रवेशात हेच वाक्य आहे. सरकारी बाईच्या तोंडी मीच घातलेलं. बाप तेव्हा आरडाओरडा करतो, "मेरी औलाद, मेरा घर!" मी मुकाट्याने अंगणात गेलो आणि हँडपंपाजवळ उभा राहिलो. स्वयंपाकघरातून करपलेल्या पोळीचा वास आला. बायको तव्यासमोर उभी होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही, तव्याकडेही पाहत नव्हती.

खोलीची खिडकी अंगणात उघडते. आधी मॅडमचा हळू आवाज, मग शांतता. पुन्हा मॅडम. मग मुलीचा आवाज, एक-दोन शब्द. आणि मग हळूहळू तो वाढत गेला.

ती सांगत होती. आणि काय सांगत होती! मी पाटावर कसा चढतो, छाती कशी पुढे काढतो, ताट कसं वाजवतो. दूधवाल्याचा आवाज तिने असा काढला की तो खिडकीखाली उभा असल्यासारखं वाटलं. आईचं "अहो" काढलं. लाडवाचा खटला पूर्ण काढला, वकील वेगळा, न्यायाधीश वेगळा. आणि दवंडी तर तिला अक्षर न् अक्षर पाठ होती. "वय, नाते अथवा अश्रू यांचा विचार केला जाणार नाही." अस्खलित मराठी, माझ्या आवाजात, माझ्याच चढउतारांसह. मॅडम मोठ्याने हसत होत्या. मीही अंगणात हसत होतो, खरंच हसत होतो, कारण ती चांगलं करत होती. माझ्याहून चांगलं. हे पोरीच्या अंगात आहे हे मला माहीतच नव्हतं. मग लक्षात आलं की हा आवाज आपण गणपतीपासून ऐकलेलाच नाही. दोन महिने होऊन गेले होते. एकाच घरात राहून.

आत मॅडमचं हसू थांबलं होतं. त्यांनी काहीतरी विचारलं. मुलीचा आवाज एकदम खाली आला.

"मैं बोलती हूँ तो पापा सबको सुनाते हैं," ती म्हणाली. "फिर सब हँसते हैं. इसलिए मैं नहीं माँगती."

हँडपंपाचा दांडा माझ्या हातात होता. का धरला होता कोण जाणे.

मला आत बोलावलं. मॅडमनी फाइलमधून एक कागद काढला. शाळेतल्या बाईंचं पत्र होतं. मला न विचारता त्यांनी वर कळवलं होतं, आणि आज मी म्हणतो की बरोबर केलं. मुलगी सकाळी पहिल्याच तासाला डबा संपवते, मधल्या सुट्टीत मैत्रिणींच्या डब्यातलं मागून खाते, गेल्या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन खाली बसली. बाईंनी बिस्किटं दिली आणि विचारलं, बेटा, घरी जेवायला मिळत नाही का? त्यावर मुलीने जे उत्तर दिलं ते बाईंनी जसंच्या तसं लिहिलं होतं. मॅडमनी ते वाचून दाखवलं.

"मैम, हमारे घर में खाना मराठी में मिलता है. मुझे ठीक से आती नहीं."

चक्कर आल्याचं मला ठाऊक नव्हतं. बायकोलाही नव्हतं. घरी येऊन ते सांगायचं तरी कोणत्या भाषेत, हा प्रश्न तिला पडला असेल.

"मॅडम, मैंने कभी हाथ नहीं उठाया," मी म्हणालो. "एक चापट नहीं. पूछ लीजिए उससे."

"पूछा. नहीं उठाया."

"शराब नहीं पीता. घर में सब कुछ है. ये तो... ये तो बस भाषा के लिए था. आप समझिए, हमारे यहाँ भाषा मर रही है. गुरसराय में मैंने देखा..." मी गुरसरायच्या काकांची गोष्ट सांगायला लागलो. ती मी चांगली सांगतो. मिटलेल्या डोळ्यांपाशी आवाज कुठे खाली आणायचा हे मला माहीत आहे. तिथवर पोचलो आणि माझ्याच लक्षात आलं की मी प्रयोग करतो आहे. थांबलो.

मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला. "भैया जी, आपने मारा होता तो मेरा काम आसान था. निशान दिखता, मैं लिख देती. अब ये मैं क्या लिखूँ? बच्ची भूखी उठती है, और बाप सारे मोहल्ले का लाड़ला." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "मोहल्ला तो आपकी कभी शिकायत करता नहीं. अगली बार शिकायत आई तो बाल कल्याण समिति के सामने बैठना पड़ेगा. बिटिया को भी बैठना पड़ेगा. वो बात मैं नहीं चाहती."

मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. लेखी हमी. असले कागद मी वीस वर्षं दुसऱ्यांसाठी लिहीत आलो होतो. सवयीने मी वरच्या बाजूला "सेवा में, श्रीमान" लिहायला घेतलं. मॅडम म्हणाल्या, "सीधा लिखिए." मी सरळ लिहिलं. मैं अपनी बेटी का खाना किसी शर्त पर नहीं रोकूँगा. त्या म्हणाल्या, सही कीजिए. सही करण्याआधी मी खाली आणखी एक ओळ लिहिली, जी त्यांनी सांगितली नव्हती. उसकी बोली की नकल किसी के सामने नहीं करूँगा. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, कागद फाइलमध्ये ठेवला.

आज मुलगी मोठी झाली आहे, दुसऱ्या शहरात नोकरी करते. फोनवर माझ्याशी हिंदीत बोलते. चांगली बोलते, खूप बोलते, ऑफिसातल्या लोकांचे आवाज काढून दाखवते. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत. त्यावरून आमच्यात कधीही काही बोलणं झालेलं नाही. गुरसरायच्या काकांना भेटून मी जी भीती घेऊन आलो होतो ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण त्या भीतीचं ओझं मी एका आठ वर्षांच्या पोरीच्या ताटात वाढलं, आणि वर ते लोकांना दाखवून टाळ्या घेतल्या. पहिल्या गोष्टीची माफी मी तिच्याकडे मागितली आहे. दुसरीची मागायला अजून तोंड उघडत नाही, कारण त्या टाळ्या मला आवडल्या होत्या.

त्या रविवारी बायको दारात येऊन म्हणाली, "मॅडम, अब खाने का टाइम है. खाकर ही जाइए." मॅडम नको म्हणणार होत्या, पण त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि पदर खोचला. "चलो, आज बिटिया के साथ खाते हैं."

पानं मांडली. बायको पोळ्या लाटत होती, वाढायला मी. मुलगी मॅडमच्या इतकी जवळ बसली होती की तिचा गुडघा त्यांच्या साडीवर होता. पहिलं वाढप संपलं. नेहमीप्रमाणे तिने ताट उचलायला हात लावला. मॅडम तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "दाल बहुत अच्छी बनी है. मैं तो और लूँगी."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी डबा हातात घेऊन उभा होतो. मला काहीतरी विनोदी बोलावंसं वाटलं. ओठांपर्यंत आलं होतं, शपथेवर सांगतो. मी तोंड मिटलं.

"मम्मी, एक रोटी और," ती म्हणाली. मम्मीला म्हणाली, मला नाही. पण पोळी मी वाढली. मग आणखी एक. मग वरण. मग भात, वर तूप, आणि लोणच्यातली फोड. प्रत्येक वेळी आधी मॅडमकडे बघायची, मग मागायची. पाचव्या पोळीला बायकोने लाटणं खाली ठेवलं आणि डोळ्यांना पदर लावला. मुलगी खात होती. तोंड भरलेलं असतानाच पुढचं मागत होती. मी वाढत होतो आणि त्या पोळ्या मोजायच्या नाहीत असं मनाशी घोकत होतो, आणि मोजत होतो.

मॅडम उठल्या, हात धुतले, फाइल काखेत मारली. दारापर्यंत मी पोचवायला गेलो. त्यांनी स्कूटीला किल्ली लावली. तेवढ्यात मुलगी माझ्या बगलेतून वाट काढत बाहेर धावली. खरकटा हात तसाच, गालात घास तसाच. तिने मॅडमच्या साडीचं टोक स्वच्छ हाताने घट्ट धरलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आंटी, आप रोज खाने के टाइम पर आ जाया करो ना!"